प्रोग रॉक ऐकायला सुरुवात: एका वेळी एलपीची एक बाजू

प्रोग्रेसिव्ह रॉकची, म्हणजे लांब, अनेक भागांच्या रचना करणाऱ्या रॉक संगीताची, ओळख करून घ्यायला निघालेला माणूस सहसा 'सर्वोत्तम शंभर गाणी' अशी एखादी यादी लावतो आणि तिथेच फसतो. यादीत अठरा मिनिटांच्या रचनेमागून चार मिनिटांचं गाणं येतं, त्यामागून तिसऱ्याच बँडच्या अल्बममधला मधला तुकडा, आणि तासाभरात कान थकतो. हे संगीत सुट्या गाण्यांनी ऐकून हाती लागत नाही. ते एलपीच्या, म्हणजे दोन बाजूंच्या मोठ्या रेकॉर्डच्या, बाजूबाजूनं ऐकावं लागतं.

यामागचं कारण साधं, तांत्रिक आहे. एलपीच्या एका बाजूवर बरा आवाज राखून साधारण १८ ते २३ मिनिटांचं संगीत बसतं. १९६९ ते १९७७ या काळात इंग्लंडमधल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ इतर देशांतल्या बँडनी ही मर्यादाच रचनेचा आराखडा म्हणून वापरली. येसचं 'क्लोज टू द एज' एक पूर्ण बाजू व्यापतं, ईएलपीचं (इमर्सन, लेक अँड पामर) 'टार्कस' आणि रशचं '२११२' तसंच. जेथ्रो टलचं 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' तर ४३ मिनिटांहून मोठं एकच गाणं आहे, रेकॉर्ड उलटण्यापुरतं मध्ये थांबवलेलं. बाजू हे एकक धरलं की सुरुवात, चढण, विसावा आणि शेवट आपापल्या जागी दिसू लागतात. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या एकाच नियमावर उभ्या आहेत: एका बैठकीला एक बाजू, आणि तीच बाजू आठवड्यात तीनदा.

पायरी १: आधी फोन नीट लावा

बहुतेक जण अ‍ॅपवर ऐकणार, म्हणून ही तयारी आधी करा.

शफल बंद करा. 'क्रॉसफेड' शून्य सेकंदांवर आणा, नाहीतर एका ट्रॅकचा शेवट पुढच्याच्या सुरुवातीवर चढतो. 'गॅपलेस' चालू ठेवा. पिंक फ्लॉइडचं 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) गॅपलेसशिवाय लावलंत तर जोडलेल्या गाण्यांमध्ये क्षणभर शांतता येते आणि सगळी वीण उसवते.

आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारी सोय असते, ती बंद ठेवा किंवा 'अल्बम'वर ठेवा. ती ट्रॅकनिहाय चालली की हळू आवाजाचा ट्रॅक वर ओढला जातो, मोठ्या आवाजाचा खाली येतो, आणि अल्बममधला मुद्दाम ठेवलेला चढउतार सपाट होतो.

बाजू कुठे संपते ते शोधून ठेवा. अ‍ॅपवर बऱ्याचदा विस्तारित आवृत्ती असते. मूळ अल्बमच्या शेवटच्या सुरानंतर लगेच तालमीतलं ध्वनिमुद्रण सुरू होतं आणि शेवटाचा परिणाम पुसला जातो. मूळ गाण्यांची यादी बघा आणि तेवढीच गाणी ऐका.

हेडफोन वायरचे असले तर उत्तम, पण अट नाही. अट शांततेची आहे. 'क्लोज टू द एज'ची सुरुवात पाण्याच्या आणि पक्ष्यांच्या आवाजानं इतक्या हळू होते की लोकलमध्ये ती ऐकूच येत नाही. माणूस आवाज वाढवतो आणि मिनिटभरानं सगळा बँड एकदम कानावर आदळतो. सुरुवातीला आवाज वाढवू नका. तो आपणहून वर येतो.

पायरी २: पहिल्या चार बाजू

पहिली बाजू, रश, '२११२' (१९७६), बाजू एक. हा कॅनडातला तिघांचा बँड. वीस मिनिटांत सात भाग आहेत आणि गोष्ट सरळ आहे: भविष्यातल्या एका राज्यात संगीतावर पुजाऱ्यांचा ताबा आहे, एका माणसाला जुनी गिटार सापडते, तो ती घेऊन पुजाऱ्यांकडे जातो आणि ते त्याला हाकलतात. 'डिस्कव्हरी' या भागात तो गिटारच्या तारा जुळवताना ऐकू येतो, आधी बेसूर, मग सुरात. शब्द समोर ठेवून ऐका. नवख्याला इथे खुपतो तो गायक गेडी लीचा उंच, टोकदार आवाज. तिसऱ्या ऐकण्यापर्यंत त्याची सवय होते, आणि पुजाऱ्यांची कडवी तो किंचाळत म्हणतो व नायकाची मऊ आवाजात, हेही तेव्हाच लक्षात येतं.

दुसरी, पिंक फ्लॉइड, 'विश यू वेअर हिअर' (१९७५), बाजू एक. 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'चे पहिले पाच भाग इथे आहेत, उरलेले चार अल्बमच्या शेवटी. गाणारा आवाज यायला आठ मिनिटांहून जास्त लागतात. तोवर गिटारवादक डेव्हिड गिलमोरची चार सुरांची गिटारची ओळ कशी येते आणि तिच्याभोवती बाकीचे कसे जमत जातात, एवढंच ऐका.

तिसरी, येस, 'क्लोज टू द एज' (१९७२), बाजू एक. इथे घाई करू नका. ही या संगीतातली सर्वांत सुंदर बांधलेली बाजू आहे असं आमचं ठाम मत आहे, पण पहिल्या तीन मिनिटांत ती दार लावून घेतल्यासारखी वाटते. गिटार, बेस (खालच्या सुरांची गिटार) आणि ड्रम तिघंही वेगवेगळ्या दिशांना धावतात. ढोबळ नकाशा असा. पहिलं मिनिट पाणी आणि पक्षी. तिथून तिसऱ्या मिनिटापर्यंत गोंधळ, मध्ये दोनदा सगळ्यांचे आवाज क्षणभर 'आ' करून थांबतात. तिसऱ्या मिनिटाच्या सुमारास गिटारवर मुख्य धून येते, ती गुणगुणून पाठ करा, कारण पुढे सगळं तिच्याभोवती फिरतं. चौथ्या मिनिटाच्या आसपास जॉन अँडरसन गायला लागतो. साडेआठ मिनिटांनंतर वेग थांबतो आणि 'आय गेट अप, आय गेट डाउन' हा संथ भाग येतो. बाराव्या मिनिटाच्या आसपास चर्चचा पाइप ऑर्गन उघडतो. चौदाव्या मिनिटानंतर सुरुवातीचा गोंधळ परत येतो, या वेळी त्यावर रिक वेकमनचा हॅमंड, म्हणजे विजेवरचा, ऑर्गन आहे. मग शेवटचं कडवं आणि पुन्हा पाणी, पक्षी.

पहिल्यांदा हा नकाशा हातात धरून ऐका. दुसऱ्यांदा नकाशा बाजूला ठेवा. तिसऱ्यांदा फक्त ख्रिस स्क्वायरचा बेस ऐका. तो रिकनबॅकर कंपनीचा बेस बोटांऐवजी पिकनं, म्हणजे छोट्या पातीनं, वाजवतो, त्यामुळे त्याचा सूर धारदार, जवळजवळ गिटारसारखा येतो आणि वेगळा काढता येतो. अँडरसनच्या शब्दांचा अर्थ लावत बसू नका. तो शब्द बराचसा नादासाठी निवडतो, आणि ओळ न ओळ सोडवायला गेलात तर चाल हातून निसटते.

चौथी, किंग क्रिम्सन, 'रेड' (१९७४), बाजू दोन. इथे पहिल्या वेळी नियम मोडायला हरकत नाही. या बाजूवर आधी 'प्रॉव्हिडन्स' हे मैफलीतलं आठ मिनिटांचं आयत्या वेळचं वादन आहे, आणि नवख्याचा धीर तिथेच सुटतो. पहिल्यांदा थेट 'स्टारलेस' ऐका. साडेचार मिनिटांचं उदास, संथ गाणं, मग बेसवर तेरा मात्रांचं आवर्तन आणि त्यावर रॉबर्ट फ्रिपची गिटार. ती बराच वेळ एकाच सुरावर टोचत राहते, मग एकेक पायरी वर सरकते. बिल ब्रुफर्ड ड्रमच्या कडा आणि झांजा वाजवत ताण वाढवत नेतो. शेवटी सुरुवातीची धून पूर्ण ताकदीनं परत येते. दुसऱ्या वेळेपासून 'प्रॉव्हिडन्स'सकट ऐका. आधीच्या विस्कळीत आठ मिनिटांमुळे 'स्टारलेस'चा पहिला सूर किती निवांत वाटतो ते तेव्हाच कळतं.

हा अल्बम दुकानात येण्याच्या थोडं आधी फ्रिपनं बँड मोडला होता. आणि ब्रुफर्ड 'क्लोज टू द एज' संपवून येस सोडून इकडे आला होता. दोन्ही बाजू एकामागोमाग ऐकल्यात तर एकच ड्रमर दोन बँडमध्ये किती वेगळा वागतो ते दिसतं.

पायरी ३: मात्रा मोजायला शिका

मराठी श्रोत्याला इथे तयार शिदोरी आहे. रूपकाच्या सात आणि झपतालाच्या दहा मात्रा ज्यानं अभंगात किंवा नाट्यगीतात हातावर मोजल्या आहेत, त्याला ७/४ किंवा ५/४ या आकड्यांची भीती नको. वरचा आकडा आवर्तनातल्या मात्रांचा, एवढं पुरतं.

सुरुवात पिंक फ्लॉइडच्या 'मनी'वर करा. नाण्यांच्या आणि गल्ल्याच्या आवाजांचं टेपवरचं सात मात्रांचं आवर्तन आधी एकटं चालतं, त्यामुळे मोजणी बसवायला वेळ मिळतो. बेस सुरू झाला की त्याच्या पहिल्या सुरावर 'एक' म्हणा आणि सात सरळ मोजा. रूपकाचे तीन-दोन-दोन असे खंड इथे शोधू नका, आणि पहिल्या मात्रेवर खालीही नाही. पहिली मात्रा भक्कम सम आहे. सॅक्सोफोनही सातातच वाजतो. सुमारे तिसऱ्या मिनिटाला गिटार सुरू होते आणि ताल चारावर येतो. तुमची मोजणी तिथे अडखळली तर तुम्ही बरोबर मोजत होतात. गिटार संपली की सात परत येतात.

मग जेनेसिस बँडचा जुना गायक पीटर गॅब्रिएल याचं 'सॉल्सबरी हिल' (१९७७). तेही सातात, पण इतकं सहज चालतं की अनेकांना वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. त्यानंतर जेनेसिसच्या 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड' (१९७३) मधलं 'द सिनेमा शो'. त्याच्या उत्तरार्धात कीबोर्डचं लांब वादन ७/८ मध्ये आहे. इथे मात्रा निम्म्या लांबीच्या, म्हणून तोंडानं मोजणी पुरी पडत नाही. बोटांच्या पेरांवर मोजा.

कठीण टप्पा जेनेसिसच्याच 'फॉक्सट्रॉट' (१९७२) मधल्या 'सपर्स रेडी'चा. तेवीस मिनिटांच्या या रचनेत 'अपॉकॅलिप्स इन ९/८' हा भाग येतो. माइक रदरफर्डचा बेस आणि फिल कॉलिन्सचे ड्रम तीन-दोन-चार अशी नवाची घडी धरून राहतात आणि टोनी बँक्सचा ऑर्गन त्यांच्या समेशी मुद्दाम फटकून चालतो. ऑर्गन ऐकत मोजलंत तर तिसऱ्याच आवर्तनात चुकाल. ऑर्गनकडे दुर्लक्ष करा, बेसला धरून तीन-दोन-चार म्हणत राहा. घडी पक्की झाली की मग ऑर्गन आत येऊ द्या. तबल्याचा ठेका डोक्यात धरून गायकाची लयकारी ऐकणाऱ्यांना यातली मजा लगेच कळेल.

मोजताना नेहमी होणारी चूक म्हणजे झांजेमागे जाणं. या संगीतात ड्रमर सरळ ठेका धरतच नाही, तो वादनाला उत्तरं देत असतो. बेस किंवा सतत फिरणारी धून धरा. आणि सगळं मोजत बसू नका. आवर्तन एकदा सापडलं की मोजणं सोडा, नाहीतर संगीत हिशेबाच्या वहीसारखं वाटायला लागतं.

पायरी ४: मेलोट्रॉन ओळखा

हॅमंड ऑर्गन आणि मूग सिंथेसायझर चार-पाच वेळा ऐकून आपोआप ओळखू येतात. मेलोट्रॉन हा कीबोर्ड मात्र समजून घेण्यासारखा आहे, कारण या काळातल्या अल्बमचा रंग त्याच्यातून येतो. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय टेपचा एक तुकडा असतो आणि त्यावर खऱ्या व्हायोलिनचा, बासरीचा किंवा गायकवृंदाचा सूर मुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की टेप पुढे सरकते, सोडली की स्प्रिंगनं मागे येते. टेप सुमारे आठ सेकंदांची. त्यापुढे सूर टिकतच नाही, म्हणून वादकाला त्याआधी बोटं बदलावीच लागतात. टेपची गती किंचित डगमगते आणि सूर थरथरतो. तो ओलसर, घोगरा थरकाप म्हणजे मेलोट्रॉन. किंग क्रिम्सनच्या पहिल्या अल्बममधलं (१९६९) 'एपिटाफ' आणि 'फॉक्सट्रॉट'ची सुरुवात करणारं 'वॉचर ऑफ द स्काइज' ही दोन ऐकलीत की पुन्हा कधी चुकणार नाही.

पायरी ५: कोणती आवृत्ती घ्यावी

रीमास्टर म्हणजे तयार झालेलं दोन वाहिन्यांचं ध्वनिमुद्रण पुन्हा साफ करून पातळी बदलणं. रीमिक्स म्हणजे मूळ बहुपदरी टेपपासून प्रत्येक वाद्याचा समतोल नव्यानं बसवणं. नावात दोन्ही सारखेच वाटतात, कानाला फरक मोठा आहे.

पोर्क्युपाइन ट्री या बँडच्या स्टीव्हन विल्सननं किंग क्रिम्सन, येस, जेथ्रो टल, जेंटल जायंट यांच्या अनेक अल्बमचे रीमिक्स केले आहेत आणि मूळ तोल फारसा न हलवता वाद्यं मोकळी केली आहेत. 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' (२०१२) आणि 'क्लोज टू द एज' (२०१३) या दोन्हींसाठी नवख्यानं त्याचाच रीमिक्स घ्यावा. बेस वेगळा काढणं त्यात सोपं जातं. जेनेसिसचं मात्र उलट आहे. २००७-०८ चे रीमिक्स चढ्या आवाजाचे आहेत आणि हळू-मोठ्याचा फरक त्यात आक्रसतो. १९९४ च्या रीमास्टर सीडी मिळाल्या तर त्या घ्या.

जुनी रेकॉर्ड विकत घेत असाल तर ती उजेडात तिरकी धरा. केसासारखे चरे चालतात, नखाला लागणारा ओरखडा चालत नाही. मग दुकानदाराला बाजूची शेवटची तीन मिनिटं वाजवायला सांगा. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे फिरते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंमी खाच जाते, आतल्या टोकाला जेमतेम २१ सेंमी. तेवढ्या कमी लांबीत तेच आवाज कोरायचे म्हणून आतल्या खाचा आधी फाटक्या वाजतात. आणि प्रोगचा कळस नेमका बाजूच्या शेवटी असतो. 'फॉक्सट्रॉट'ची दुसरी बाजू २४ मिनिटांच्या वर जाते, 'स्टारलेस'चा शेवट अगदी आतल्या खाचांत आहे. झिजलेल्या सुईनं वाजवलेल्या प्रतीचं नुकसान तिथेच सर्वांत जास्त झालेलं असतं.

पायरी ६: चार जणांत बसून ऐका आणि बोला

एकट्यानं चार बाजू झाल्या की बैठक जमवा. चार ते सहा जण, एक बाजू, वाजत असताना कुणी बोलायचं नाही. संपल्यावर पाच मिनिटं तशीच जाऊ द्या, मग चर्चा.

चर्चा भरकटते ती हमखास दोन ठिकाणी. एक, 'हा बँड प्रोग आहे का?' पिंक फ्लॉइडवरून हा वाद दरवेळी निघतो आणि त्यातून कुणालाही नवं काही ऐकू येत नाही. दोन, गॅब्रिएल १९७५ मध्ये जेनेसिसमधून बाहेर पडल्यानंतरचं जेनेसिस. हा वाद करायचाच तर 'अ ट्रिक ऑफ द टेल' (१९७६) आधी पूर्ण ऐकून करा. गाणारा कॉलिन्स झाला म्हणून बँक्सनं कीबोर्डवर लिहिणं सोडलं नव्हतं, हे त्या अल्बमच्या पहिल्या बाजूतच स्पष्ट होतं.

बोलताना मिनिट सांगा, वाद्य सांगा, आवृत्ती सांगा. 'मधला भाग भारी आहे' यावर पुढे काही बोलता येत नाही. 'बाराव्या मिनिटाला ऑर्गन येतो तेव्हा बेस गप्प का?' यावर अर्धा तास जातो, आणि सगळे पुन्हा ती जागा लावून ऐकतात. मैफलीत जागा दाखवून दाद देतात, तीच रीत इथेही उपयोगी पडते.

पायरी ७: पुढची वाट

इथून रस्ते फुटतात, आवडीप्रमाणे घ्या. गोडवा आवडला असेल तर कॅमलचं 'मिराज' (१९७४) आणि इटलीच्या पीएफएमचं 'पेर उन आमिको' (१९७२). इटालियन येत नसलं तरी अडत नाही. मोजणी आवडली तर जेंटल जायंटचं 'ऑक्टोपस' (१९७२), पण दिवसाला दोनच गाणी, कारण प्रत्येक गाण्यात तीन गाण्यांचा ऐवज आहे. जॅझकडे कल असेल तर महाविष्णू ऑर्केस्ट्राचं 'द इनर माउंटिंग फ्लेम' (१९७१). त्याचा गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यानं पुढे झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्याबरोबर 'शक्ती' हा बँड उभा केला. जड आवाज हवा असेल तर ड्रीम थिएटरचं 'इमेजेस अँड वर्ड्स' (१९९२), टूलचं 'लॅटरॅलस' (२००१), ओपेथचं 'ब्लॅकवॉटर पार्क' (२००१). ओपेथमध्ये घशातून काढलेला खरखरीत आवाज आहे, तो पेलत नसेल तर पोर्क्युपाइन ट्रीचं 'इन अ‍ॅबसेन्शिया' (२००२) घ्या. हा बँड २००९ च्या डिसेंबरात मुंबईला आयआयटीच्या मूड इंडिगो महोत्सवात वाजवून गेला आहे. हिंदीत ऐकायचं तर मुंबईच्या कोशिशचं 'फिरदौस' (२०१३).

सीडीच्या काळातले हे अल्बम तासाभराचे आणि अखंड असतात, तिथे एलपीची बाजू आयती मिळत नाही. ती आपण पाडायची. पंचवीस मिनिटांच्या आसपास चालू गाणं संपेल तिथे थांबा आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी ऐका.

येसचं 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' (१९७३) सर्वांत शेवटी ठेवा. भारतीय श्रोता त्याकडे लवकर ओढला जातो, कारण परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटिपेवर जॉन अँडरसननं तो उभा केला: श्रुती, स्मृती, पुराण, तंत्र, आणि प्रत्येकाला एक बाजू. चार बाजू, चार रचना, ऐंशी मिनिटं. वेकमनचंही त्यावरून बिनसलं आणि पुढच्या वर्षी तो बाहेर पडला. सलग लावलंत तर दुसऱ्या बाजूवर लक्ष सुटणारच. चार दिवस चार बाजू घ्या, पण ओळीनं नको. आधी पहिली, मग शेवटाचं ढोलवादन असलेली चौथी, मग संथ दुसरी. तिसरी शेवटी, कारण तिची पहिली बारा-तेरा मिनिटं खडबडीत आहेत आणि त्यानंतर स्टीव्ह हाऊची एकटी क्लासिकल गिटार येते.